घोरणं थांबलं तेव्हा

रुपराव घोरायला लागला आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

हिंगण्याच्या कारखान्यात दुपारपाळीला निघालेला माणूस. वाटेत ट्रकने मोटारसायकलला उडवलं, डोकं रस्त्यावर आपटलं, आणि नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्याला खाटेवर उताणं टाकलं गेलं. दोन तास नुसता कण्हत होता. हाक मारली तर ओ नाही. आणि आता हे घोरणं, असं की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वैतागला.

"लागली एकदाची झोप," त्याचे काका रामाजी म्हणाले. खाप्याहून आलेल्या गोतावळ्याने माना डोलावल्या. रामाजी बोलले की मान डोलवायची, ही त्या घराची जुनी खोड. रुपरावची बायको गोपिका हिनेही डोलावली, खाटेच्या पायथ्याशी, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. नवऱ्याचे ओठ निळे पडत चाललेले तिला दिसत होते. पण अकरा वर्षांच्या संसारात ती या चुलतसासऱ्यांशी, तिच्या मामाजींशी, एक वाक्य थेट बोलली नव्हती, तर आता काय बोलणार? रामाजी निश्चिंत होऊन चहाला बाहेर पडले.

बोलली ती नर्स. सिंधूताई वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून धावतच आली.

"झोप कायची? श्वास अडकून राहिला त्यायचा! सरका सारे."

तिने रुपरावला कुशीवर वळवलं. पायाने दाबायच्या यंत्राची रबरी नळी तोंडात घालून रक्त आणि फेस ओढून काढला. मग कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे बोटं रोवून तो पुढे ओढला. घोरणं एकदम थांबलं. ओठांवर हळूहळू रंग आला.

"मोठे डॉक्टर ऑपरेशनमधी आहेत. आले की गळ्यात भोक पाडून नळी बसवतील. तवरक हा जबडा असाच धरून ठेवा लागते. मले चाळीस खाटा पाहायच्या आहेत. तू धर वं."

"मी?"

"दोन हात आहेत ना तुले? सोडला की जीभ मागं पडते. आन् तोंडात पाण्याचा थेंब नाही जाऊ द्यायचा. बेशुद्ध माणसाले गिळता येत नाही, सारं छातीत उतरते."

गोपिकाने धरला. पहिल्या पाच मिनिटांतच बोटं भरून आली. खाली वाकल्यामुळे पदर डोक्यावरून घसरला, खांद्यावर आला. सावरायचा तर एक हात काढावा लागणार होता. तिने नाही काढला. गोतावळ्यात कुणीतरी जोरात खाकरलं. खाकरा म्हणावं.

अर्ध्या तासाने रामाजी बाहेरून चहा पिऊन आले आणि दारातच थबकले. "घोरणं थांबलं काहून?"

झोप मोडली, घोरणं थांबलं, म्हणजे पोरगा चालला. त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांनी पिशवीतून गंगाजलाची लोटी काढली. या घरात आजवर कोणी कोरड्या तोंडाने गेलं नव्हतं, आणि भावाच्या पोराच्या बाबतीत ते चुकू द्यायला रामाजी तयार नव्हते. डोळे त्यांचेही भरले होते, खोटं कशाला बोला.

"याले उताणा करा रे. सूनबाई, सर बाजूले."

"नाही."

वॉर्डात चाळीस खाटा, पण तो शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

"काय म्हटलं?"

"नाही म्हटलं, मामाजी. हे चालले नाहीत. यायचा श्वास चालू आहे, माह्या मनगटाले गरम लागून राहिला. तुमचं पाणीच यायले मारीन."

"गंगेचं पाणी मारीन? तू शिकवतं मले?"

"हो. शिकवतो."

रामाजी लोटी घेऊन पुढे झाले. गोपिकाचे दोन्ही हात अडकलेले. हात झटकणं नाही, ढकलणं नाही. तिने एवढंच केलं, की खाली वाकून आपला गाल नवऱ्याच्या तोंडावर आडवा धरला, श्वासापुरती फट ठेवून, उघड्या डोक्याने.

आता पाणी ओतायचं तर आधी सुनेचं तोंड हाताने बाजूला करावं लागणार. आणि सुनेला सासऱ्याचा हात लागत नाही. जन्मभर पाळलेला नेम रामाजींचाच. लोटी हवेतच थांबली. थोडं पाणी हिंदकळून तिच्या मानेवर सांडलं.

"माह्या मानेवर टाका किती टाकायचं ते," ती तशीच म्हणाली. "मी हलत नाही."

आणि नाही हलली. रामाजी खाटेजवळ उभे राहिले, मग भिंतीशी जाऊन बसले. मोठे डॉक्टर आले तेव्हा तिची बोटं वाकलेलीच राहिली होती, सिंधूताईला ती एकेक सोडवावी लागली. गळ्याला नळी बसली. तिच्यातून हवा शिट्टीसारखी आत-बाहेर होऊ लागली, आणि तेव्हा कुठे गोपिका जमिनीवर बसून मोठ्याने रडली.

रुपरावला शुद्ध यायला सतरा दिवस लागले, नळी निघायला आणखी पंधरा. गळ्याच्या भोकावर बोट ठेवून तो पहिल्यांदा बोलला, ते "पाणी." सिंधूताईने त्याला उशांना टेकवून बसवलं, आधी एक चमचा देऊन गिळतो का ते पाहिलं, मग म्हणाली, "दे आता, हळूहळू."

गोपिकाने वॉर्डातल्या माठाकडे पाहिलंही नाही. डोक्यावर पदर नव्हता, तो त्या दिवसापासून तिने रामाजींसमोर घेतलाच नव्हता. ती सरळ भिंतीशी पिशवी घेऊन बसलेल्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"मामाजी, आणा ती लोटी. आता पाजतो यायले."