तांडेलाची सात पत्रं

घरात पुस्तकं नसणं ही काही लाजेची गोष्ट नव्हे. पण सोळा वर्षांच्या आयातला ती वाटली, आणि सगळं झेंगट तिथूनच सुरू झालं.

ही २००४ सालची गोष्ट. आयात रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला अम्मीबरोबर राहायची, अकरावीत शिकायची. अब्बा शारजात टगबोटीवर होते. एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात बाबल्याचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या खुराड्यांत सहा कॉम्प्युटर आणि प्रत्येकापुढे फुलाफुलांचा पडदा. मंगळवारी आणि शनिवारी क्लास सुटला की आयात तिथे अर्धा तास बसायची. अम्मीला सांगितलेलं, कॉलेजचं प्रोजेक्ट आहे. त्या वर्षी तिला जितकी प्रोजेक्ट होती तितकी एखाद्या इंजिनियरलाही नसतील.

प्रोजेक्टचं नाव होतं 'पानाआड'. पुस्तकं वाचणाऱ्या मुलामुलींचा तो मेलवरचा गट. ठाणं, पुणं, सोलापूर, अकोला असे तीसेक जण होते. लिहायचे इंग्रजी अक्षरांत, पण भांडायचे अस्सल मराठीत. तिथे आयातला पहिल्यांदा कळलं की आपण बोललेलं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतं आणि वर विचारतं, मग पुढे काय? घरी अम्मी दमलेली असायची, कॉलेजात मैत्रिणी मेंदीच्या कोनांबद्दल बोलायच्या. शनिवार ते मंगळवार आणि मंगळवार ते शनिवार एवढंच तिचं कॅलेंडर उरलं.

त्यातही संगमेश्वरची दर्शना तिची खास. तीही अकरावीत. दोघींच्या गावांत एस.टी.चं दोन तासांचंसुद्धा अंतर नव्हतं, पण कधी भेट झाली नव्हती. दोघींनाही घरातून एकटं सोडत नसत, हा त्यांच्यातला पहिला दुवा.

एकदा गटात विषय निघाला : तुमच्या घरी असलेलं, पण दुसऱ्या कुणाकडे नसलेलं पुस्तक. झालं, जो तो आजोबांची कपाटं उघडून बसला. आयातने घरात नजर फिरवली. कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली धार्मिक पुस्तकं, तिची कॉलेजची पुस्तकं आणि अब्बांचं भरती-ओहोटीचं जुनं वेळापत्रक. मंगळवारी तिने लिहून टाकलं, 'तांडेलाची सात पत्रं. लेखक भागोजी नाटेकर. मुखपृष्ठ फाटलंय, साल दिसत नाही.' गलबतावरचा एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, परदेशातल्या बंदरातून आपल्या मुलीला पत्रं लिहितो, अशी गोष्ट. मुखपृष्ठ फाटलेलं कसं सुचलं ते तिचं तिलाच ठाऊक नाही. खोटं बोलायला बसलं की असले बारकावे आपोआप हाताशी येतात.

तिला वाटलं, लोक 'वा' म्हणतील आणि पुढे जातील. पण वाचणारी माणसं भारी चिकट. पहिलं पत्र टाइप करून पाठव, म्हणून सगळे मागेच लागले.

त्या रात्री तिने दूधपावडरचा डबा उघडला. त्यात अब्बांची सहा पत्रं होती, आयात अकरा-बारा वर्षांची असतानाची, तिच्या नावावर आलेली. पुढे घरात फोन आला आणि पत्रं थांबली. पत्रं चालू असतानाच कंपनीने सगळ्यांचे पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून घेतले होते, त्यामुळे अब्बांचं येणंही थांबलं. आता शुक्रवारी दोन मिनिटं फोन. त्यातली पावणेदोन मिनिटं अम्मीची. आयातच्या वाट्याला 'अभ्यास कर हां, बेटा' एवढंच येई.

तिने टगबोटीचं गलबत केलं, शारजाचं बसरा केलं, फोरमनचा मालक केला. बाकी अब्बा होते तसेच ठेवले. बोटीवर मांजर पाळल्याचं, भात करपल्याचं, झोपेत स्वतःच्या घराच्या पायऱ्या मोजल्याचं. आणि शेवटची ओळ तर मुळीच बदलली नाही. अब्बा प्रत्येक पत्राखाली तीच लिहायचे : 'इथे भरती सव्वासहाला. तुमच्याकडे?' वेळ तेवढी दर पत्रात वेगळी. मग आयात वेळापत्रक बघून उत्तर लिहायची.

पानाआडवाले त्या ओळीवर फिदा झाले. पुण्याचा एक जण मेलखाली लिहायला लागला, 'इथे नळ पावणेसहाला. तुमच्याकडे?' सोलापूरची मुलगी लिही, 'इथे वीज सात वाजता जाते. तुमच्याकडे?' दर शनिवारी एक पत्र, आणि दर मंगळवारी त्यावर वीस-वीस उत्तरं. आयात पडद्याआड बसून हसायची, आणि बाहेर पडताना तोंड सरळ करून पडायची.

चौथ्या पत्रात तांडेल लिहितो की मालकाने कागदपत्रं पेटीत कुलूपबंद केलीत, इतक्यात येता येणार नाही. त्यावर दर्शनाने आयातला एकटीला मेल केला. तिचे बाबा मुंबईला कॅंटीनमध्ये होते आणि तीन गणपतींना घरी आले नव्हते. गावात सांगायचं, सुट्टी नाही. खरं काय ते आईलाही माहीत नव्हतं. 'हे मी कोणाला बोलले नाही,' तिने लिहिलं होतं. 'पण तुझा तांडेल शेवटी घरी पोचतो ना? नको, सांगू नकोस. पोचलाच असणार. पत्रं छापली म्हणजे तो घरी आल्यावरच कोणीतरी ती गोळा केली असणार.'

आयातने तो मेल चारदा वाचला. तिथेच खरं सांगायला हवं होतं. तिने लिहिलं, 'वाच तू, कळेल.'

सहावं पत्र संपलं आणि डबाही संपला. सातवं कुठून आणायचं? दोन शनिवार ती रिकाम्या पडद्यासमोर बसली. तांडेलाला गलबतात बसवायची, किनारा दिसेपर्यंत आणायची, आणि पुढचं वाक्य काही केल्या उमटायचं नाही. अब्बा येतील की नाही हे तिला माहीत नव्हतं. मग तांडेल येईल असं कुठल्या तोंडाने लिहायचं?

त्यात गटाची फेरी आली. पानाआडची ही एक रीत होती. महिन्याला एक पुस्तक पोस्टाने या घरून त्या घरी फिरायचं, आणि वाचणाऱ्याने शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नाव, तारीख आणि एक ओळ लिहायची. यादी ठेवायचा ठाण्याचा रितेश. वीस वर्षांचा, गटातला सगळ्यात मोठा, आणि त्याने न वाचलेलं पुस्तक अजून छापायचं होतं. त्याने जाहीर केलं, या महिन्यात तांडेल फिरणार, आयातने दर्शनाकडे पाठवावं.

आयातने लिहिलं, पुस्तक मामाकडे गेलंय. मग लिहिलं, पानं सुटलीत, बांधायला दिलंय. प्रत्येक थापेबरोबर खुराडं आणखी अरुंद होत होतं. घरी अम्मी विचारायची, जेवत का नाहीस? परीक्षा आहे, असं ती सांगायची. म्हणजे तिथेही थाप.

आणि मग रितेशने कमाल केली. त्याने लिहिलं, 'हे मी लहानपणी आजोबांकडे वाचलंय. शेवट कच्चा आहे. सातव्या पत्रात तांडेल बंदराच्या तोंडाशी बुडतो.' वाचणाऱ्याला सगळं कबूल करता येतं, पण 'मी हे वाचलेलं नाही' एवढं म्हणवत नाही. तासाभरात आणखी दोघांना आठवलं. एकीला तर मुखपृष्ठावरचं निळं गलबतही आठवलं.

आयात खुर्चीत ताठ झाली. हसू यायला हवं होतं, आलं नाही. ठाण्यात बसून त्या शहाण्याने तिच्या अब्बांना बुडवलं होतं. शेवट कच्चा म्हणे! तिने एका दमात लिहिलं, 'तांडेल बुडालेला नाही. असं पुस्तकच नाही. ती पत्रं माझ्या वडिलांची आहेत, त्यातली नावं मी बदलली. खोटं बोलले, माफ करा. पण तो बुडालेला नाही.'

तिला वाटलं, आता शिव्या बसतील. त्यांची तयारी तिने ठेवली होती. आलं ते भलतंच. मंगळवारी पडदा ओढून बघते तो रितेशचा लांबलचक मेल. एका विस्मृतीत गेलेल्या लेखकाचं पुस्तक स्वतःच्या नावावर करणं ही चोरी आहे. तिघांनी वाचलेलं पुस्तक 'नाही' कसं असेल? ते फेरीत द्यायचं नाही म्हणून हा बनाव. 'असं साहित्य अकरावीतल्या मुलीच्या घरात लिहिलं जात नाही.' खाली पंधरा जणांचे होकार. नळवाल्याचाही होता. तिचं नाव यादीतून काढलेलं होतं. उत्तर लिहिलं तरी ते पोचणार नव्हतं.

खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि खरं बोलली तर चोर ठरली. आयात पडद्याआड रडली. आवाज होऊ नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात धरून रडली. बाबल्याने बाहेरून विचारलं, "काय गो, हँग झाला काय?" ती हो म्हणाली.

त्या पंधरा होकारांत दर्शनाचा नव्हता. नकारही नव्हता. तिचा वेगळा मेल होता, दोन ओळींचा : 'शनिवारी आत्याकडे तांदूळ घेऊन येत्ये, पहिल्यांदाच एकटी. बाराच्या गाडीला स्टँडवर ये. पुस्तक आण.'

शनिवारी आयात क्लास बुडवून स्टँडवर गेली. संगमेश्वरची गाडी लागली आणि खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी घेतलेली एक बारकी, उन्हाने रापलेली मुलगी उतरली. आयातच्या मनातली दर्शना उंच होती.

"आयात ना गो तू?"

"हो."

"दे पुस्तक."

"पुस्तक नाय दर्शना. लिहिलं होतं ना मी."

दर्शनाने पिशवी बाकावर ठेवली. ती बसली नाही. "म्हंजे तांडेल घरी पोचला नाय."

"नाय."

"मी आयेला सांगितलेलं. रात्री जेवताना तुझी पत्रं सांगायची मी तिला. पुस्तकात लिवलंय म्हंजे कुठंतरी झालेलं असणार, म्हनली ती. तेव्हापासनं बाबांचं ताट रोज पुसून ठेवत्ये." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच आयातला सोसवेना. "माझ्याशी तरी खरं बोलायचंस."

 आयातने दप्तरातून दूधपावडरचा डबा काढला आणि एक दोनशे पानी वही. वहीत तिने सहाही पत्रं सुवाच्य अक्षरात उतरवली होती, गलबत आणि बसऱ्यासकट. डब्यात मूळ पत्रं होती, निळ्या पातळ कागदावरची, शारजाचा शिक्का असलेली. "हे वाच. मग काय बोलायचं ते बोल."

दर्शना उभ्याउभ्याच वाचायला लागली. दुसऱ्या पत्राला बाकावर टेकली. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, स्पीकरवरचा माणूस गुहागरच्या प्रवाशांना हाका मारत होता. तिने सहाच्या सहा पत्रं वाचली, आणि प्रत्येकाच्या शेवटी तिचं बोट त्याच ओळीवर थांबलं.

"ह्यात मांजर पन हाय," ती म्हणाली.

"हाय."

"आनि सातवं?"

"आलंच नाय," आयात म्हणाली.  "चार वर्षं झाली. मला नाय माहीत ते कधी येतील. मला शेवट येत नाय, दर्शना."

 दर्शनाने पत्रं आल्या क्रमाने लावून डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं. मग वही पुढ्यात ओढली, शेवटचं पान उघडलं आणि कंपासमधली पेन्सिल मागितली. फेरीच्या रीतीप्रमाणे लिहिलं : 'दर्शना, १८ डिसेंबर २००४. सहा पत्रं वाचली. इथे नदीला पाणी गुडघाभर. तुमच्याकडे?'

वही तिने आयातकडे सरकवली आणि थांबून राहिली. तो प्रश्न चार वर्षांत आयातला कुणी खरोखर विचारला नव्हता, फोनवरच्या दोन मिनिटांत तर नाहीच. वेळापत्रक बघायची तिला गरज पडली नाही.

"आमच्याकडे भरती पाचला," ती म्हणाली, आणि दर्शनाच्या ओळीखाली पेन्सिलीने तेच लिहिलं. दर्शनाने तांदळाची पिशवी उचलून खाली ठेवली आणि तिच्यासाठी बाकावर जागा केली.