पॅसेजमधले चार दिवे

माझं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे. इतरांचा दिवा बिघडून येतो. माझ्या ताईचा दिवा आला की तो आधी सोलावा लागतो. वर लोकरीचे वेढे, त्याखाली शर्टाची जुनी बटणं, त्याखाली डिंकानं चिकटवलेली वाळकी पानं आणि सगळ्यांत आत एक बिचारा होल्डर. पूर्वी बल्ब तापायचे तेव्हा तिच्या टेबललॅम्पच्या कागदी झालरीनं एकदा पेट घेतला होता. तेव्हापासून मी तिला एकच नियम घालून दिलाय, कागद बल्बपासून चार बोटं लांब. तेवढा ती पाळते. बाकी माझं काही ऐकायची तिला सवय नाही. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे.

त्या वर्षी मात्र तिनं दिवे नटवायला घेतले ते हौसेपोटी नव्हे. भावोजींना विसर पडायला लागून तीन वर्षं झाली होती. भावोजी म्हणजे तिचा नवरा, चौतीस वर्षं रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. माणूस शिस्तीचा, घड्याळाला लाजवणारा. आता त्यांना सकाळ की संध्याकाळ हे विचारावं लागायचं. तेही चाललं असतं, पण ते उठून घराबाहेर चालू पडत. एकदा बसथांब्यावर सापडले. दुसऱ्यांदा चार गल्ल्या पलीकडे, अनवाणी, एका दूधवाल्यानं हाताला धरून आणून सोडले. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी दारावर धक्के मारून हात सुजवून घेतला. ताईनं कुलूप काढून टाकलं.

माझा भाचा दुसऱ्या शहरात असतो. त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, आता बाबा एकदा जरी एकटे बाहेर गेले ना, तर मी त्यांना अशा पेशंटांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवणार. गाडीखाली आले तर काय करशील?" तो वाईट मुलगा नाही. लांब राहणाऱ्या मुलांना काळजी फोनवरूनच करावी लागते आणि फोनवरून केलेली काळजी हुकमासारखी ऐकू येते.

डॉक्टरांनी सुचवलं, प्रत्येक दारापाशी वेगळा दिवा लावा, म्हणजे कुठलं दार कशाचं ते त्यांना कळेल. ताईच्या घराला एक लांबलचक पॅसेज आहे, खिडकी एकही नाही, भर दुपारी तिथे चाचपडावं लागतं. त्यात चार दारं : झोपायची खोली, संडास, स्वयंपाकघर आणि टोकाला बाहेरचं दार. मी चारही ठिकाणी प्लगात खोचायचे छोटे दिवे बसवून दिले, न तापणारे, रात्रंदिवस चालणारे.

"साधेच राहू देत," मी म्हणालो.

"साधे दिवे सगळे सारखेच दिसतात. मग उपयोग काय?" ती म्हणाली आणि कात्री घेऊन बसली.

आठवडाभर ते चाललं होतं. खोलीच्या दिव्याला तिनं पांढऱ्या जुन्या लेसचं टोपडं घातलं. स्वयंपाकघराच्या दिव्याला जाड कागदाचा डबा, त्याला सुईनं भोकं पाडून काढलेली किटली. संडासाच्या दिव्याला लाल जिलेटिन कागदाचे गुलाब, कारण त्या कोपऱ्यात गार वाटतं आणि लाल रंगानं ऊब येते, असं तिचं म्हणणं. बाहेरच्या दाराशी सगळ्यांत देखणा दिवा. हिरव्या कागदाची वेल, पान न् पान वेगळं कापलेलं. आल्यागेल्यानं पाहावं म्हणून.

आणि सगळंच बिनसलं. भावोजी संडासाच्या दारापर्यंत जात आणि उभे राहत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिथेच कपडे ओले होत. उलट बाहेरच्या दाराकडे पूर्वी चुकून जायचे, ते आता तडक निघायचे. एका आठवड्यात ताईनं त्यांना तीनदा जिन्यातून परत आणलं. भाच्याला तिनं यातलं काही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही फरशी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

मी मनात म्हटलं, ही त्या गुलाबांची कृपा. करायला गेलो एक अन् झालं भलतंच. एका सकाळी मी दुकान उघडायच्या आधी तिच्याकडे गेलो, दिवे काढून टाकायच्या तयारीनं, पिशवीत पक्कड घेऊन. भावोजी संडासासमोर उभे होते, ताठ, हात मागे बांधलेले.

"भावोजी, आत जा ना. का थांबलात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते मी लहानपणी खुळचट प्रश्न विचारल्यावर बघायचे.

"सिग्नल नाही मिळाला."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. एकेचाळीस वर्षं इंजिन ड्रायव्हरशी संसार केलेल्या बाईनं संडासाच्या दाराला लाल दिवा लावला होता, बाहेरच्या दाराला हिरवा, आणि ते दोन्ही मी माझ्या हातानं जोडून दिले होते. भावोजी सगळंच विसरले असतील, हे आम्ही दोघांनीही गृहीत धरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

ताईनं गुलाब उचकटले. संडासाला हिरवा कागद लागला आणि भावोजी त्याच दिवशी, एखादं स्टेशन सोडावं तसे, न थबकता आत गेले. बाहेरच्या दारासाठी मात्र तिनं वेगळी युक्ती केली. बिस्किटांची प्लॅस्टिकची बरणी घेतली, अर्ध्या अंगाला लाल कागद, अर्ध्याला हिरवा, आणि ती दिव्यावर अशी बसवली की हातानं फिरवता यावी. दिवसभर लाल बाजू पुढे. सकाळी सात वाजता ती हिरवी फिरवायची, त्यांचा दंड धरायची आणि दोघं फिरायला जायची.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम बघायला थांबलो होतो. तिनं बरणी फिरवली. भावोजींनी दिव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "गार्डसाहेब, निघायचं?"

ते तिला बरेच दिवस नावानं हाक मारत नव्हते, पण कुणीतरी दुसरं समजायची ही पहिलीच वेळ. मला फार वाईट वाटलं. ती चप्पल घालत म्हणाली, "बायको होते तेव्हा माझा एक शब्द ऐकला नाही. गार्डचं सगळं ऐकतात. बढतीच झाली म्हणायची." दारातून बाहेर पडल्यावर तिनं डोळे पुसले. ते मला दिसलं, पण त्यांना दिसलं नाही, हे बरं झालं.

महिन्याभरानं भाचा चार दिवसांसाठी आला. बॅगेत संस्थेची माहिती, एक जाड गुळगुळीत फाइल, भरायचे फॉर्म. ताईनं त्याला चारही दिवे दाखवले. त्यानं बरणी फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आई, छान आहे. पण हा कागद आहे. कागदावर माणसाचा जीव सोपवायचा?"

ताईनं बरणीची लाल बाजू पुन्हा पुढे केली. खरं तर मलाही तेच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावोजी झोपले होते. मी आणि ताई स्वयंपाकघरात टेबलाशी होतो. किटलीचा डबा ओला होऊन वाकला होता, ती नवा कापत होती आणि मी उगाच चुका काढत होतो. बोलता बोलता तिनं मान वर केली. पॅसेजच्या टोकाचा लाल उजेड दिसत नव्हता.

"दिवा गेला का रे?"

मी उठलो. खोलीत डोकावलो, तर पलंग रिकामा. ताई माझ्या आधी पॅसेजमध्ये होती. नंतर कळलं ते एवढंच : भाच्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती, त्यानं दाराजवळचा दिवा उपटून तिथे चार्जर लावला, मग कुणाचा तरी फोन आला आणि बोलता बोलता तो जिना उतरून खाली गेला. दार उघडंच राहिलं होतं.

सताड उघड्या दारात भावोजी उभे होते. पायांची बोटं उंबऱ्याला लागलेली, हात मागे. समोर मोकळा जिना. भाचा खालून वर येत होता, तो अर्ध्या जिन्यातच थांबला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा," तो हळू म्हणाला, "तुम्ही... दार उघडं होतं ना."

"सिग्नल विझलाय," भावोजी म्हणाले.

"मग? लाल तर नव्हता."

भावोजींनी त्याला नीट न्याहाळलं. "नवीन लागलास का? विझलेला सिग्नल लालच धरायचा. गार्ड येईपर्यंत गाडी हलवायची नाही."

भाचा तिथेच पायरीवर बसला. ताईनं चार्जर काढला, दिवा लावला, बरणी बसवली. बरणी दोनदा तिच्या हातून निसटली. मग तिनं हिरवी बाजू पुढे केली. फिरायची वेळ नव्हती, पण एवढा वेळ थांबलेल्या माणसाला परत झोपवायचं तिला जमलं नाही.

"हा कोण?" खाली उतरताना भावोजींनी भाच्याकडे बोट दाखवून विचारलं.

"नवा आहे," ताई म्हणाली. "शिकतोय अजून."

भाचाही त्यांच्यामागून गेला. मी घरी थांबलो आणि दाराशी दुसरा प्लगपॉइंट काढून दिला.

फॉर्मबद्दल नंतर कुणी बोललं नाही. त्या गुळगुळीत फाइलचा पुठ्ठा चांगला जाड होता, तो भाच्यानं आपणहून ताईपुढे ठेवला. तिनं त्याचा किटलीचा डबा केला.

जायच्या दिवशी दुपारी भाचा बॅग घेऊन दारात आला. खाली टॅक्सी उभी होती, भावोजी पॅसेजमध्ये उभे होते. "येतो, बाबा," तो म्हणाला आणि त्यानं पाऊल उचललं.

"थांब," भावोजी म्हणाले. दिवा लाल होता.

तो थांबला. बॅग खाली ठेवली आणि बापाशेजारी तसाच हात मागे बांधून उभा राहिला. खाली टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. ताई दिव्याशी गेली, बरणीवर हात ठेवला, आणि ती फिरवायला तिनं जरा वेळच लावला.