पिंपावरचं नाव

कळमनुरीत मुकुल आणि गुंजन या नवरा-बायकोनं दुकान उघडलं, तेव्हा लोकांना ते समजायलाच दोन महिने लागले. तिथं ना पिशवी मिळायची, ना पुडी. भिंतीलगत झाकणाची स्टीलची पिंपं आणि प्रत्येकात एक मापटं. गिऱ्हाइकानं घरून बरणी आणायची, रिकामीचं वजन करून घ्यायचं आणि हवं तेवढं आपल्या हातानं भरायचं. "मंग दुकानदार काय करून राहिला?" असं म्हणत लोक पुढच्या किराण्यात जायचे.

दीक्षा इंगोले मात्र पहिल्याच आठवड्यात गेली. ती तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन, झाकणावर खडूनं वजन लिहून ती दर शनिवारी यायची. चार मुठी पोहे, चहापुरती विलायची, एकट्या माणसाला पुरेल एवढंच. गुंजन पुण्याची, तिच्याच वयाची. दोघींचं पटकन जमलं. शाळेतल्या शिलाबाईंना आणि आणखी तिघींना दीक्षानंच दुकानाची वाट दाखवली.

प्रत्येक पिंपावर माल पिकवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असे. बिनफवारणीची तूर कुठं मिळेल असं गुंजननं विचारलं, तेव्हा दीक्षा म्हणाली, "माझ्या वडिलांकडं. आई घरीच जात्यावर डाळ भरडते."

पंधरा दिवसांत पाटी लागली : तूरडाळ – पुंजाजी इंगोले, शिरड शहापूर. दीक्षानं फोटो पाठवला. पुंजाजींनी तो गल्लीभर दाखवला.

"मतदार यादी सोडली तर माझं नाव कुठं छापून आलं न्हाई," ते फोनवर म्हणाले. "डोळ्यानं पाहायला येतो एकदा."

त्याआधी गंगूताई आल्या. गंगूताई म्हणजे मुकुलच्या आई. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या चार महिने नांदेडला लेकीकडं होत्या. घर त्यांचं, दुकानाची जागाही त्यांचीच. परत आल्यापासून त्या गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसू लागल्या. शनिवारी दीक्षा आली, तशी त्यांनी मायेनं चौकशी केली.

"गुंजन फार नाव घेते हो तुझं. आडनाव काय म्हणालीस?"

"इंगोले."

"इंगोले म्हणजे कोणते इंगोले?"

दीक्षाला हा प्रश्न नवा नव्हता. मापट्यातले शेंगदाणे बरणीत ओतत ती म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत."

"हो का, हो का," गंगूताई म्हणाल्या. "भर ना, भर सावकाश."

पुढच्या शनिवारी गुंजननं तिच्या हातातली बरणी घेतली. "आता आम्हीच भरून देतो. स्वच्छतेसाठी."

"बरं केलंत," दीक्षा म्हणाली. "लोक मापटं कुठंही टेकवतात." शाळेतही तिनं या नव्या नियमाचं कौतुक केलं. शिलाबाई डबा खाता खाता थांबल्या.

"काल तर मीच भरलं सगळं. गंगूताई समोरच बसल्या होत्या."

दीक्षानं स्वतःची समजूत घातली, की गुंजन कामात असेल. पण शनिवारी ती दारात पोचली, तेव्हा एक गृहस्थ शेंगदाण्याच्या पिंपात हात घालून उभे होते. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले, त्याच हातानं मापटं धरलं आणि पिशवी भरली. गंगूताई त्यांना उन्हाळ्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. दीक्षा तूरडाळीकडं वळली, तोच त्या म्हणाल्या, "थांब गं, गुंजन देईल. तुला कशाला तकलीफ?"

दीक्षानं पाटी पाहिली. तूरडाळ – शिरड शहापूर. एवढंच. शेजारच्या पिंपांवरची नावं जिथल्या तिथं होती.

ती गुंजनला दाराबाहेर घेऊन गेली.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे," गुंजन म्हणाली. "पण जागा त्यांची. देवाच्या नैवेद्याचंही याच पिंपांतून जातं. तू यादी पाठवत जा, मी स्वतः सामान आणून देईन."

"आणि माझ्या आईनं भरडलेली डाळ? ती चालते?"

"कोरड्या धान्याला दोष नसतो, म्हणतात त्या."

"मग मापट्याला असतो?"

गुंजन रस्त्याकडं बघत राहिली. दीक्षानं आतून रिकामी बरणी उचलली आणि ती खोलीवर परतली. तिला रडू आलं नाही. या नियमाचं आपण शाळाभर कौतुक केलं, याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

घरी कसं सांगावं, ते तिला सुचेना. दोन दिवस तिनं फोन टाळला. तिसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारी शिलाबाई वर्गाच्या दारात आल्या. "तुझे आईवडील आलेत. दुकानात गेलेत."

ती पोचली तेव्हा पुंजाजी धुतलेला सदरा घालून, डाळीचं नवं पोतं पायाशी ठेवून उभे होते. त्यांनी पाटीवरची अक्षरं बोटानं एकेक लावली.

"शिरड शहापूर... नाव कुठाय व माझं?"

"काका, नवी पाटी करायला टाकलीय," गुंजन म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," दीक्षा म्हणाली. "बाबा, नाव काढलंय. आपण कोणते इंगोले ते यांना समजलं म्हणून."

दुकानात चारपाच माणसं होती. सगळी आपापल्या बरण्यांत डोकं घालून बसली.

"आवाज कशाला चढवतेस?" गंगूताई म्हणाल्या. "तुमचा माल घेतो, चांगला म्हणतो. आणखी काय करायचं माणसानं?"

"पोतं उचला बाबा."

पुंजाजींनी पोतं उचललं नाही. ते पाटीकडं पाहत हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. गाव तर ठेवलं ना त्याह्यनं. गाव बी आपलंच हाय."

गंगूताईंच्या बोलण्यानं लागलं नव्हतं, तेवढं दीक्षाला हे लागलं.

दीक्षाच्या आई चतुराबाई इतका वेळ नवऱ्यामागं उभ्या होत्या. त्यांनी पिंपाचं झाकण काढलं आणि बांगड्यांसकट हात कोपरापर्यंत डाळीत घातला. तळातली मूठ वर काढून उजेडात धरली. घरच्या कणगीतली डाळ त्या अशाच पाहायच्या. "किडा न्हाई लागला," त्या म्हणाल्या आणि गंगूताईंकडं पाहत त्यांनी मूठ सावकाश परत पिंपात सोडली. मग नवऱ्याचा दंड धरून त्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दीक्षाला ते पिंप दुकानासमोर दिसलं. घासून, धुऊन, उन्हात पालथं घातलेलं. संध्याकाळी मुकुल गाडीवरून नवं पोतं तसंच शिवलेलं घेऊन तिच्या खोलीवर आला. नजर न उचलता त्यानं ते दारात ठेवलं. मागोमाग गुंजनचा फोन आला.

"सॉरी गं. पिंपातली डाळ गोशाळेला दिली. वाया काही गेलं नाही."

दीक्षानं फोन ठेवला. पोतं तिनं ओढत आत घेतलं आणि खाटेखाली सरकवलं.

आठवड्यानं पुंजाजींचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही.

"डाळ खपली का गं?"

दीक्षा खाटेवर बसली होती. खरं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिला पाटीवर फिरणारं त्यांचं बोट आठवलं.

"खपली, बाबा."

"पाय बरं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात हुरूप आला होता. "मी म्हणलोच हुतो, माल चांगला असल्यावर लोक घेतेतच." मागून चतुराबाईंचा आवाज आला, "आनखी किती पायजे ते इचारा तिला. उद्यापसून भरडाया घेते."

"किती सांगू?" पुंजाजींनी विचारलं.

दीक्षाची टाच खाटेखालच्या पोत्याला लागली. फोन तसाच कानाशी धरून ती बसून राहिली.