भरतीची मोजणी

"हे आकडे तुमचेच ना?" बाईसाहेबांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

"हो."

"तीन वर्षांत एकदाही चाळीसच्या वर टिलवे नाहीत. मग खाडीत भराव नको असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

खाडीवरचे टिलव्यांसारखे पक्षी मोजण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. उंच, किडकिडीत, ऑफिसात सगळे त्याला बगळाच म्हणत. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तो बांधावर खुर्ची टाकून मोजायचा, तेही भरतीला. ओहोटीला पक्षी लांब पाण्याच्या कडेला चरतात, त्यांच्यामागे चिखल तुडवावा लागतो. भरतीला चिखल बुडाला की टिलवे पलीकडच्या खडकांवर जाऊन बसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण रजिस्टर उघडतंय कोण, असं म्हणून त्याने तीन वर्षं रेटली.

"मी भरतीला मोजत होतो. चूक माझी आहे."

बाईसाहेबांनी चष्मा काढला. "आता सांगताय? भरावाची मंजुरी सोमवारीच निघाली."

घरी बायको म्हणाली, "सगळं स्वतःच्या अंगाला का लावून घेता? वरचे काय झोपले होते?"

"बावीस वर्षं खरे आकडे दिले, कुणी बघितले नाहीत. बघितले ते नेमके हेच."

तिने ताट वाढलं. तो हात धुऊन बसला आणि तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो चिखलात उतरला. गुडघे ठणकत होते. टिलवे सरत्या पाण्यामागे पळत होते. चोच खुपसायची, अळी ओढायची, पुढे पळायचं. चिमणीएवढा जीव, पण हजारो मैलांच्या उड्डाणाची चरबी याच चिखलातून कमावतो. त्याने दोनदा मोजले. दोन हजार सहाशे. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने आकडा कळवला. उत्तर आलं नाही.

महिन्याभरात बांधापासून पाण्यापर्यंत भरावाची खडी पडली. तो रोज येऊन उभा राहायचा. एका ओहोटीला थवा आला आणि नेहमीच्या जागी उतरला. चोच मारायची, पुढे पळायचं. पुन्हा चोच.

डंपरवाला खाली उतरला. "काका, काय शोधतायत हो हे?"

"खाणं."

"खडीत?"

डंपरवाल्याने हातातलं बिस्किट चुरून त्यांच्याकडे फेकलं. थवा दचकून उडाला, एक वळसा घेतला आणि परत त्याच खडीवर उतरला.