रविवारच्या टोपातली रेघ

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी जे वजनदार भांडं पालथं घातलेलं आहे, ते मीच. मी एक जुना टोप आहे. माझं बूड जाड आहे, मला दोन कान आहेत आणि काठाला एका बाजूला पोचा आलेला आहे. झाकणाची मूळची मूठ कधीच तुटली. तिच्या जागी गाडीचा एक मोठा नट बसवलेला आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला आणि मी गार झाल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने मला उचललं. त्याने काठावर टिचकी मारली, कान जवळ आणला आणि म्हणाला, "चीर नाही. आवाज स्वच्छ आहे." मग त्याने मला बाजूला ठेवून पुढचा टोप उचलला.

दुकानातून मला एका नवीन जोडप्याने घेतलं. तो गाड्या दुरुस्त करायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो बिघाड ओळखायचा, म्हणून गॅरेजमध्ये सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणत. मला बघून तो बायकोला म्हणाला, "अगं, दोघांना एवढा मोठा टोप कशाला?"

"आज दोघं आहोत. कायम दोघंच राहणार आहोत का?" ती म्हणाली.

रोजचा स्वयंपाक लहान भांड्यांत व्हायचा. मी फक्त रविवारचा. त्या दिवशी घरात मटणाचा रस्सा आणि भात असायचा. ती तेलात कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतायची, त्यात मटण घालायची आणि त्याला सुटलेलं पाणी आटेपर्यंत हलवत राहायची. मग बटाटे, मीठ आणि सगळ्यात शेवटी पाणी. पाणी घातलं की ढवळून पळी माझ्या काठावर दोनदा आपटायची. टण, टण. मग झाकण. पुढचे दोन तास मंद आच.

आतल्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज यायचा, "अगं, हळू! पेपर वाचतोय मी."

"गाड्यांचं दुखणं बरं ऐकू येतं तुम्हाला! घरातली हाक तेवढी ऐकू येत नाही."

काठाचा पोचा त्या पळीनेच आलेला आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मुलगी झाली, मग मुलगा झाला. टोप भरू लागला. वर्षानुवर्षं रस्सा एकाच उंचीला येत राहिला आणि माझ्या आतल्या अंगाला एक तपकिरी रेघ उमटली. मला घासताना ती तेवढी रेघ सोडून घासायची. पुढे मुलं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, तरी रविवारी दुपारी चौघं इथेच जेवायची. जेवताना डॉक्टर कधी 'छान झालंय' म्हणाले नाहीत. ते ताट पुढे करून म्हणायचे, "अजून थोडा रस्सा." तीच शाबासकी. ती तेवढ्यावर खूश असायची.

मग एका रविवारी मला कोणी खाली काढलंच नाही. त्यानंतरच्याही रविवारी नाही. ती दवाखान्यात होती. सात आठवडे मी पालथा पडून होतो. ती परत आली नाही.

दवाखान्यात ती नवऱ्याला काय म्हणाली, ते मला नंतर कळलं. एकटे पडल्यापासून डॉक्टर भांड्यांशी बोलतात. ती म्हणाली होती, "रविवार मोडू देऊ नका. टोपात रेघ आहे, तिथपर्यंत पाणी घाला. बाकी काही चुकलं तरी चालेल, पाणी चुकवू नका."

पण डॉक्टर रस्सा करायला उभे राहण्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. आई गेल्यावर मुलगी आठवडाभर राहायला आली. तिला रडू आलं की ती काहीतरी घासायला घ्यायची. एका दुपारी तिने मला घेतलं. तारेच्या घासणीने तासभर घासलं आणि बाहेर नेऊन म्हणाली, "बघा बाबा, आईचा टोप. अगदी नवा दिसतोय ना?"

डॉक्टरांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हो गं. छान निघालाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द मी ऐकला.

मुलगी आपल्या घरी परतल्यावर त्यांनी मला खिडकीत धरलं, तिरपं केलं, आतून बोट फिरवलं. रेघ गेली होती.

तरी त्यांनी रस्सा करून पाहिला. पहिल्या रविवारी पाणी इतकं झालं की बटाटे तरंगत होते. दुसऱ्या रविवारी कमी पडलं आणि मी बुडाशी करपलो. दोन्ही वेळा ते एकटेच जेवले. फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला त्रास करून घेता? आता रविवारी आपण बाहेरच जेवत जाऊ."

"या रविवारी घरी या," डॉक्टर म्हणाले. "नाही जमलं, तर पुढे तुम्ही म्हणाल तिथे येईन."

रविवार उजाडला. कांदा परतून झाला, मटण झालं, बटाटे पडले. डॉक्टर पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसते उभे राहिले. शेवटी थोडं पाणी घातलं, ढवळलं आणि पळीला लागलेलं झटकायला ती माझ्या काठावर आपटली.

ते एकदम थांबले.

पुन्हा आपटली. पाणी कमी होतं म्हणून माझा आवाज चढा निघाला. त्यांनी डोळे मिटले. आणखी एक पेला पाणी. टण. मान हलवली. अर्धा पेला. टण. छत्तीस वर्षं शेजारच्या खोलीत बसून त्यांनी हा आवाज ऐकला होता, कुरकुरत का होईना. तेवढ्या वर्षांत टोपात त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. पण कान मेकॅनिकचा होता. आणखी दोन घोट पाणी घातलं आणि पळी दोनदा आपटली. टण, टण.

"हाच," ते म्हणाले. आणि झाकण ठेवून त्यांनी आच मंद केली.

दुपारी मुलं आली. मुलाने पहिला घास घेतला, मग लगेच दुसरा. थोड्या वेळाने त्याने ताट पुढे केलं. "अजून थोडा रस्सा."

मुलीने विचारलं, "बाबा, पाणी कसं मोजलंत? आईची तर आत रेघ होती..." आणि ती तिथेच थांबली. तिचा चेहरा उतरला. "बाबा, ती रेघ मी..."

"रेघ लागतच नाही गं," डॉक्टर म्हणाले. "इकडे ये. ऐक." त्यांनी पळी उचलली.

मित्रांनो, त्यालाही आता बरेच रविवार झाले. माझ्या आत पुन्हा एक फिकट रेघ धरू लागली आहे. मुलगी येते तेव्हा तेवढी सोडून घासते. पण डॉक्टर अजून पाणी आवाजावरच मोजतात आणि नंतर मला म्हणतात, "एकदा उठून आत आलो असतो, तर ती काय नको म्हणाली असती?"

मी टोप आहे, मी काय उत्तर देणार? तुम्हाला मात्र सांगतो. तुमच्या घरी कोणी रांधत असेल, तर आज उठून आत जा. शेजारी उभे राहा. पाणी किती घालतेस, ते विचारून घ्या.