तळ्याला फुटलेला पान्हा

या, जरा जवळ सरका. मागे उभे आहात त्यांनीही पुढे यावं, जागा पुष्कळ आहे. एका तळ्याला दूध फुटलं होतं, त्याची गोष्ट सांगतो. ऐकून हात जोडायचे की डोकं चालवायचं, ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवा.

तळ्याच्या काठाला दगडी भिंत होती आणि भिंतीत एक रुंद नळ. एरवी कोरडा ठणठणीत. पण रोज संध्याकाळी पाच वाजता दूधबाबा म्हणवणारा एक बुवा त्याच्यासमोर उभा राहून दोन्ही हात वर करायचा आणि टाहो फोडायचा, "माते, पान्हा सोड! लेकरं तहानली!" थोड्या वेळात नळातून पांढरंशुभ्र पाणी भळभळा वाहू लागायचं. मग काय विचारता! बाटल्या, तांबे, डबे, नुसती झुंबड. काठाशी मासे पोट वर करून तरंगत होते. त्यांच्याकडे बोट दाखवून बाबा म्हणायचा, "तृप्त झाले, मुक्त झाले. भाग्यवान जीव!"

त्या गर्दीत भिंती रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याची बायकोही असायची. तिच्या सात वर्षांच्या मुलीचे, टिकलीचे, डोळे महिनाभर लाल होते. डॉक्टरांच्या थेंबांनी गुण येत होता, पण मुंगीच्या पावलांनी. बाबाने सांगितलं होतं, "शनिवारी आण. ताज्या पान्ह्याने डोळे धुऊ."

रंगारी देव मानणारा माणूस. शिडीवर चढला तरी ओठांवर भजन असायचं. पण हा बाबा काही त्याच्या गळी उतरेना.

"आत कुणीतरी किटली घेऊन बसलंय," तो म्हणाला.

"तुम्ही बघितलंत?"

"कधी बघणार? पाचला तर मी कामावर बादल्या धूत असतो."

"मग न बघता जीभ चालवू नका. पोरीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."

गुरुवारी त्याने कामावर दांडी मारली आणि थेट नळासमोर जाऊन उभा राहिला. पाच वाजले. बाबाने हात वर केले. नळ कोरडा! सव्वापाच झाले, तरी कोरडाच. बाबाच्या मागे छत्री धरून कोण उभं होतं? ज्याने रंगाऱ्याला वरच्या गल्लीतल्या गोदामाच्या भिंतीचं काम दिलं होतं, तोच मुकादम! रंगाऱ्याला बघून त्याचा चेहरा पडला. तो बाबाच्या कानाशी लागला.

बाबा गरजला, "गर्दीत एक संशयी उभा आहे! त्याच्या नजरेने मातेने पान्हा चोरला!"

शेकडो डोळे रंगाऱ्याकडे वळले. बायकोने मान खाली घातली.

शुक्रवारी तो मुकाट कामावर गेला आणि पाचला नळ पुन्हा दुधाने वाहिला.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "तुम्ही नव्हतात म्हणून आलं. उद्या कृपा करून तिकडे फिरकू नका."

शनिवारी सकाळी तो गोदामाच्या भिंतीशी सुन्न बसला होता. तिथेच जाळीवाली मावशी रस्त्याकडेच्या गटाराची लोखंडी जाळी उचलून, कोपरापर्यंत हात घालून गाळ काढत होती. पालिकेच्या कामावर तिची वीस वर्षं गेली होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

मावशीने बोटं वर काढली. पांढरीफटक.

"काय रे, तुझ्या बादल्या तू कुठे धुतोस?"

"याच जाळीत. मुकादमच म्हणाला, पाचच्या ठोक्याला धू आणि मागून दहा मिनिटं गोदामाचा नळ सोडून ठेव. सांडपाणी पुढे शुद्ध होतं ना?"

"कोण म्हणतं? सांडपाण्याची वाट वेगळी, पावसाची वेगळी. ही पावसाची. इथे ना चाळणी, ना गाळणी. जे टाकशील ते सरळ त्या भिंतीतल्या नळातून तळ्यात!"

"छे! अख्खी गल्ली इथेच ओतते."

"म्हणून तर मासे मेले. अरे, तू कामावर असलास की दूध, दांडी मारलीस की देवाचा उपास! भिंतीला चुन्याचे हात किती झाले?"

"तिसरा चालू आहे. मुकादम म्हणतो, अजून दे," रंगारी म्हणाला. चुन्याने भेगाळलेल्या आपल्या बोटांकडे तो बघत राहिला. हेच आज टिकलीच्या डोळ्यांत जाणार होतं.

पाच वाजता तो टिकलीचा हात घट्ट धरून पहिल्या रांगेत उभा होता. बायको रडवेली झाली होती. "अहो, का आलात?"

"एकदाच बघ. मग तू म्हणशील ते."

"माते, पान्हा सोड!" बाबा ओरडला. नळ गुरगुरला आणि पाणी आलं. निळंशार! गर्दीने बाटल्या मागे घेतल्या.

बाबा क्षणभर गडबडला, पण पट्टीचा बोलणारा. "आज साक्षात आकाश उतरलं, भक्तांनो!"

"बाबा," रंगारी मोठ्याने म्हणाला, "आता लाल उतरेल."

आणि लाल उतरलं. वरच्या गल्लीत मावशीने दुसरी बादली उपडी केली होती. बेकरीवाल्याकडचा खाण्याचा रंग, तोही चिमूटभर. तळ्याला आणखी त्रास नको म्हणून.

"हा पान्हा नाही, गोदामाच्या भिंतीचा चुना आहे," रंगाऱ्याने हात उंचावले. "रोज मीच वरच्या गल्लीतल्या जाळीत ओतत होतो, तो थेट या नळातून येतो. या मुकादमाच्या सांगण्यावरून. त्या चुन्याने माझ्या बोटांची सालं निघाली, आणि तुम्ही तो पोराबाळांच्या डोळ्यांत घालणार?"

बायकोच्या हातातली वाटी खाली पडली. तिने टिकलीला पोटाशी धरलं. बाबा हात खाली घेऊन मागे सरकला. मुकादम छत्री टाकून सटकला, पण लोकांनी त्याला चार पावलांतच धरलं.

तेवढ्यात गल्लीतला गॅरेजवाला पुटपुटला, "मी गाड्यांचं काळं तेल त्याच जाळीत ओततो. मलाही वाटायचं, पुढे शुद्ध होतं."

"मी साबणाचं पाणी," धोबीण म्हणाली.

पुढच्या रविवारी रंगाऱ्याने गल्लीतल्या प्रत्येक जाळीशेजारी एक मासा रंगवला, खाली लिहिलं, 'इथून थेट तळ्यात.' डोळ्यांत डॉक्टरांचे थेंब घातलेली टिकली प्रत्येक माशाला डोळा काढत होती.

देवाला नळातून दूध सोडून आपलं मन जिंकावं लागत नाही. त्याने पाणी दिलं, आणि ते कुठून आलं हे विचारायला डोकंही दिलं. दोन्ही स्वच्छ ठेवणं, हीच त्याची पूजा. तेव्हा बादली घेऊन जाळीपाशी वाकाल ना, तेव्हा क्षणभर थांबा आणि कोपरापर्यंत हात घालून गाळ काढणाऱ्या त्या मावशीची आठवण करा.