सर्वांत कमी दराचा ब्रेक

गाडी दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा नीलाला वाटलं, एक मेकॅनिक येईल, बॉनेट उघडेल, कपाळाला हात लावेल आणि आठवडाभरात गाडी चालू करून देईल. सरकारी अधिकाऱ्याबरोबर अर्धं आयुष्य संसार करूनही एखाद्या बाईला असं वाटत असेल, तर दोष सरकारचा नाही.

गाडी म्हणजे तेरा वर्षांची पांढरी सँट्रो. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमागे कडुनिंबाखाली करोनापासून उभी. नवरा अशोक मेट्रोने ऑफिसला जायचा आणि पर्यावरणासाठी जातो असं सांगायचा. तेवढ्या काळात कबुतरांनी गाडीचं छप्पर वापरात ठेवलं, उंदरांनी वायरिंग खाल्लं आणि मागच्या सीटमधून एक कोंब उगवला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी ‘ती गाडी’ असा विषय निघायचा. अशोक दर वेळी म्हणायचा, “विचाराधीन आहे.”

ती विचारातून बाहेर यायला नीलाच्या आईचा गुडघा फुटावा लागला.

कुसुमावतीबाई मलकागंजला पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जायचा. स्वयंपाकघरात सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या आणि गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. रिजच्या टेकडीवरच्या हिंदूराव हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, तार घालून वाटी जोडली. खड्या जिन्याच्या घरी परत नेणं शक्यच नव्हतं, म्हणून नीलाने त्यांना आपल्याकडे आणलं. पाय ओंडक्यासारखा सरळ. डॉक्टरांनी बजावलं, आठवड्यातून तीनदा फिजिओला आणा, येत्या दोन-अडीच महिन्यांत जेवढा वाकेल तेवढा तुमचा, नंतर गुडघा कुणाचं ऐकत नाही.

“मला मांडी घालायची नाही, फुगडी घालायची नाही,” कुसुमावतीबाई म्हणाल्या. “जिना चढता आला की मी माझ्या घरी. जावयाकडे माणूस आठ दिवस पाहुणं असतं. मग त्याचं सामान होतं.”

फिजिओसाठी जवळची ठिकाणं सुचवून झाली. त्या हलल्या नाहीत. ज्यांनी वाटी जोडली त्यांनाच दाखवणार. आणि तिथली फिजिओ मीनाक्षी नागपूरची, तिला मराठीत शिव्या देता येतात, ही सोय दुसरीकडे कुठे?

रिक्षात तो सरळ पाय बाहेर निघायचा आणि शेजारच्या स्कूटरवाल्याच्या पोटाला लागायचा. कॅबवाले फोनवर “मॅडम, ड्रॉप कहाँ है?” विचारायचे आणि रिज ऐकल्यावर गायब व्हायचे. जो यायचा तो दोन्ही वेळचं मिळून इतकं घ्यायचा की अशोकची झोप उडाली.

“एवढ्या पैशांत आपली गाडी उभी राहील,” तो म्हणाला. “पुढची सीट मागे सरकवली की आई पाय लांब करून आरामात. बजेटमध्ये करू. चलो, डन.”

त्या दिवशी कॅब बंद झाली. गाडी मात्र सुरू झाली नाही, कारण आधी तीन कोटेशनं मागवायची होती.

“तीन कशाला?” नीलाने विचारलं.

“प्रोसिजर.”

“अशोक, ही आपली गाडी आहे. मंत्रालयाची नाही.”

“म्हणून तर जास्त काळजी घ्यायची. ऑफिसात पैसे सरकारचे असतात.”

आता ही माणसं कशी घडतात ते समजून घ्या. यांना बायको एकाच कोटेशनवर मिळालेली असते आणि ती चूक ते उरलेल्या आयुष्यात प्रत्येक कुकर, पंखा आणि गादी घेताना भरून काढतात. अशोकने समितीही नेमली. समिती म्हणजे समोरच्या ब्लॉकमधले भाऊसाहेब. ते हिशेब खात्यात. त्यांनी जन्मात गाडी घेतली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

“वहिनी, एक बेसिक प्रश्न आहे,” भाऊसाहेब पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढत म्हणाले. “दिल्लीत पेट्रोल गाडीचं आयुष्य पंधरा वर्षं. हिची तेरा झाली. मग दोन वर्षांसाठी खर्च करणं जस्टिफाय होतं का?”

आतल्या खोलीतून आवाज आला, “माझी शहात्तर झाली. माझ्यावर करायचा का, तेही समितीत घ्या.”

भाऊसाहेबांनी लिंबू पिळलं आणि विषय बदलला.

पहिलं कोटेशन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. ते वाचून अशोकने पाणी मागितलं. दुसरं भाऊसाहेबांच्या नोएडातल्या ओळखीच्या माणसाचं. ते यायलाच पंधरवडा गेला, कारण तो माणूस ओळखीचा होता. तिसरा कोटला मुबारकपूरचा मेकॅनिक गुलशन. त्याला अशोकने सांगितलं, दर बंद लखोट्यात द्या. गुलशनने नीलाकडे पाहिलं.

“भाभीजी, गाड़ी ठीक करानी है या शादी में शगुन देना है?”

पण दिला त्याने. आत बॅटरी, वायरिंग, टायर, इंजिन ऑइल, क्लच आणि धुलाई. दर सर्वांत कमी. समितीने एकमताने गुलशनला पास केलं आणि उरलेल्या दोघांना दिलगिरीचा व्हॉट्सॲप पाठवला.

हे सगळं होईपर्यंत कुसुमावतीबाई पलंगावर बसून होत्या. मीनाक्षीने फोनवर व्यायाम दाखवले होते. रोज सकाळी नीला टाचेखाली टॉवेल घालून पाय ओढायची आणि आई तिचा उद्धार करायची. गुडघा जरा वाकायचा आणि कुणीतरी आतून कडी घातल्यासारखा थांबायचा.

“जोर लाव की!”

“आई, अजून जोर लावला तर तार तुटेल.”

“मग ने मला त्या पोरीकडे. तिला कळतं कुठे थांबायचं ते. तुझा नवरा काय गाडीला प्रमोशन देतोय का?”

गुलशन गाडी ओढून घेऊन गेला. उद्या देतो म्हणाला. कोटल्यातला ‘उद्या’ काय असतो हे नीलाला माहीत होतं, पण गुलशनला मोकळेपणी उशीरही करता आला नाही, कारण रोज संध्याकाळी अशोक आणि भाऊसाहेब तिथे पाहणीला जायचे. अशोकने यूट्यूबवर बरंच पाहिलं होतं. उभ्या-उभ्या तो सांगायचा, हे उघडा, ते बंद करा. इन्स्पेक्शन झालं की दोघं कोपऱ्यावर छोले-कुलचे खायचे. दुरुस्ती स्वस्तात होत होती, म्हणून उरलेल्या पैशांत अशोकने करोलबागेतून सीट कव्हरं आणली. लाल आणि काळी, चमकणारी. स्टिअरिंगला गादी. निळे दिवे लागणारी म्युझिक सिस्टिम. डॅशबोर्डवर ठेवायची अत्तराची कुपी.

“थोडा लुक तर पाहिजे यार,” तो म्हणाला. “कॉलनीत आपली एक इमेज आहे.”

इमेज होती. कोंब उगवलेल्या गाडीचा मालक ही.

शेवटी गाडी आली. धुतलेली, पुसलेली, काचा झळझळीत. अशोकने सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल इतका हॉर्न वाजवला. नीला स्टिअरिंगवर बसली. आईला नेणार तीच होती. कॉलनीत एक फेरी मारावी म्हणून पहिला गिअर टाकला. गाडी छान निघाली. पार्कच्या वळणावर तिने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं, लोण्यात बोट जावं तसं. हँडब्रेक ओढेपर्यंत सँट्रो पार्कच्या झुडपांत शिरली. भाऊसाहेब तिथे फेऱ्या मारत होते. ते एवढ्या चपळाईने बाकावर चढले की समितीच्या इतिहासात अशी गती आधी कुणी पाहिली नव्हती.

फोनवर गुलशन शांत होता. “ब्रेक तो लिखे ही नहीं थे, साहब. आपने बोला, जितना लिखा है उतना ही करना.”

“अरे, पण गाडीला ब्रेक लागतो हे तुला सांगायला नको?”

“बताया था जी. आप बोले, बाद में देखेंगे. फिर कुलचे खाने चले गए.”

गुलशन हरामखोरच होता. ब्रेक लिहिले असते तर त्याचा दर सर्वांत कमी राहिला नसता, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण त्याच्या हरामखोरीला बसायला खुर्ची कुणी दिली?

नीलाला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. अशोक सोफ्यावर बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “ब्रेक हे वेगळं काम धरावं लागेल. नव्याने कोटेशनं मागवू.”

“किती?”

“तीन.”

नीलाने गाडीची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. आतून आई बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी अशोक मेट्रोत बसला असेल-नसेल, तोवर नीलाने गुलशनला बोलावून घेतलं. तो आला तोच हात चोळत.

“ब्रेक करने हैं. पूरे,” नीला म्हणाली. “पॅड, पाइप, सिलिंडर, जो भी है. आज.”

“भाभीजी, साहब का लिफाफा?”

“लिफाफा गया भाड़ में. पैसे नाहीत माझ्याकडे. ये सीट कव्हर निकालो. म्युझिक सिस्टिम निकालो. स्टिअरिंग का जो है वो भी. सगळं नवं आहे, पॅकिंगसुद्धा ठेवलंय. ले जाओ, और ब्रेक डालो.”

गुलशनने कव्हरांवरून हात फिरवला, सिस्टिम लावून पाहिली, निळे दिवे बघून खूश झाला आणि तरीही नाटक केलं. “इसमें तो सिर्फ अगले दो ब्रेक होंगे.”

“मग मी पुढच्या दोन चाकांवरच तुझ्या दुकानात घुसते. दाखवू? रस्ता पाठ आहे.”

गुलशनने पार्ककडे पाहिलं. झुडपं अजून आडवी होती. चारही चाकं झाली. संध्याकाळी त्याने स्वतः गाडी चालवून दाखवली, तेव्हा नीलाने त्याला पाच वेळा थांबायला लावलं.

अशोक आला तेव्हा गाडीच्या मूळ सीटा उघड्या होत्या. कोंब उगवलेल्या जागी भोक, त्यात नीलाने जुनी उशी कोंबलेली. डॅशबोर्डवर म्युझिक सिस्टिमच्या जागी नुसती खोबण.

“हे कुणाला विचारून केलंस?”

“कुणालाच नाही.”

“नीला, तू माझी नवी सिस्टिम एका मेकॅनिकला देऊन टाकलीस? निदान मार्केट रेट तरी काढायचा!”

“काढला. एक सिस्टिम म्हणजे माझी आई जिवंत हॉस्पिटलला पोचणार. महाग पडलं का?”

“मी काय मुद्दाम उशीर केला? कामाची सिस्टिम असते एक. मी सगळं नीट व्हावं म्हणूनच—”

“तेच. तू मुद्दाम केलं असतंस ना, तर मला भांडता तरी आलं असतं.”

त्याने खोबणीत बोट घालून पाहिलं. मग हळूच विचारलं, “अत्तराची कुपी ठेवलीस का?”

“ती आहे. तिला कोणी घेतलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सँट्रो रिजवर जाऊ लागली. पुढची फाटकी सीट मागे सरकवून, ओंडका लांब करून कुसुमावतीबाई राणीसारख्या बसायच्या आणि प्रत्येक सिग्नलला “ब्रेक दाब, दाब आता” म्हणायच्या. मीनाक्षी गुडघा हातात घ्यायची. हिंदूरावच्या त्या खोलीत मराठी शिव्यांची चांगली उजळणी झाली. पाय वाकायला लागला. मग एके दिवशी वाकायचा थांबला. पुढच्या खेपेलाही तिथेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

मीनाक्षीने नीलाला नाही, सरळ म्हातारीलाच सांगितलं. “आजी, यापुढे नाही वाकणार हा. मधले आठवडे आल्या असतात ना, तर आणखी वाकला असता. चालाल मस्त. जिना कठीण आहे.”

“कठीण म्हणजे?”

“म्हणजे पाऊल टाकत चढणं नाही जमायचं.”

नीलाने खिडकीकडे तोंड केलं. तिला एकदम कोटला आठवला, लखोटे आठवले, ओळखीच्या माणसाचा तो पंधरवडा आठवला. पोह्यांच्या बशा आठवल्या. आईचा गुडघा कुणी लबाडाने खाल्ला असता तर पोलिसात देता आलं असतं. तो चार सज्जनांनी, चमच्याने, लिंबू पिळून खाल्ला होता.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, “मलकागंजला घे.”

“आई, ऐकलंस ना ती काय म्हणाली?”

“बहिरी झाले नाही मी. घे.”

घर जवळच. नीलाने गाडी जिन्याच्या तोंडाशी लावली. कुसुमावतीबाईंनी वर पाहिलं. जिना तसाच होता, खडा आणि अरुंद. त्यांनी काठी नीलाच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि पहिल्या पायरीवर चक्क बसल्या. चांगला पाय रोवला, दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकवले आणि ढुंगण उचलून एक पायरी वर सरकल्या. आखडलेला पाय, जेवढा वाकत होता तेवढा वाकवून, मागून ओढून घेतला.

“आई, लोक बघतायत!”

“बघू दे. फुकट आहे.”

तळमजल्यावरची सरदारीण दारात आली. “हाय रब्बा, आंटीजी, ये क्या!”

“घर जा रही हूँ,” कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि पुढची पायरी घेतली.

नीला खालून काठी घेऊन, आईचा पाय सांभाळत, पायरीपायरीने वर जात होती. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून ती आईची साडी सारखी करत राहिली. मध्ये म्हातारी थांबली, धापा टाकत भिंतीला टेकली. नीला म्हणाली, पुरे आता, परत जाऊ. उत्तर म्हणून आणखी एक पायरी झाली.

वरच्या दाराशी पोचल्या तेव्हा साडी धुळीने माखली होती, तळहात सोलवटले होते. नीलाचा फोन वाजला. अशोक.

“कुठे आहात? उशीर झाला. ऐक ना, भाऊसाहेब म्हणत होते, आईसाठी इथे बाथरूममध्ये रेलिंग लावून घेऊ. पर्मनंट सोय. मी उद्याच तीन—”

आईने हात पुढे केला. नीलाने फोन दिला.

“अशोकराव,” कुसुमावतीबाई उंबऱ्यावर बसल्याबसल्या म्हणाल्या, “रेलिंग नको. मी घरी पोचले.” मग जरा दम घेतला. “आणि नीला आठ दिवस इथेच राहतेय. त्याला मंजुरी लागत असेल, तर तुमची तुम्ही घ्या.”

फोन नीलाकडे देत त्या म्हणाल्या, “बघत काय बसलीस? कुलूप उघड.”